डाक्टर बोलल्या तेवढंच

गंगाक्काला कुणी दुभाषी म्हटलं तर तिला ते आवडायचं नाही. "मी काय भाषाबिषा करत न्हाई माय. डाक्टर बोलतेत ते निस्तं सांगते," असं ती म्हणायची. हे निस्तं सांगणं कसं असायचं, त्याचा एक नमुना आधी देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या सरकारी दवाखान्यात सौम्या डॉक्टर नव्याच आल्या होत्या. म्हैसूरकडच्या. वयानं लहान, अंगानं बारीक, बोलायला गोड, पण मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. आणि आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना कन्नड येतं ते बसवरच्या पाटीपुरतं. कमलनगरहून जीपनं यायचं आमचं गाव. अजून थोडं पुढं गेलं की महाराष्ट्रच लागतो. तर डॉक्टरांसमोर नामदेव बसला होता. त्याचा रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी त्याच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "उप्पु कडिमे माडि." म्हणजे, मीठ कमी करा.

शेजारी स्टुलावर बसलेली गंगाक्का नामदेवकडं वळली. "डाक्टर म्हनायल्यात, मीठ कमी खा. आन त्या भज्याच्या गाड्यावर दिसू नकोस. आन बायकोवर वरडायचं बंद कर. तू वरडलास की ह्या मशीनमधी काटा वर जातोय, डाक्टरला समदं दिसतंय."

नामदेवनं भिऊन यंत्राकडं पाहिलं. "घरचं बी दिसतंय?"

"मंग. सरकारी मशीन हाय."

नामदेव गेल्यावर मी औषधाच्या खिडकीतून म्हटलं, "अक्का, डॉक्टर फक्त मिठाचं बोलल्या होत्या."

"माझं काय हाय त्यात," अक्का शांतपणे म्हणाली. "डाक्टर बोलल्या तेवढंच सांगितलं."

पुढच्या खेपेला नामदेवचा रक्तदाब उतरलेला निघाला. मीठ सुटल्यानं उतरला की भजी सुटल्यानं, देव जाणे. त्याच्या बायकोनं मात्र अक्काला भरल्या वांग्यांचा डबा आणून दिला, आणि अक्कानं तो डॉक्टरांसमोर उघडून, हे माझ्यामुळं बरं का, असं कन्नडमध्ये सांगून टाकलं. श्रेय घ्यायला ती कधी लाजली नाही.

मी त्या दवाखान्यात औषधं देणारी. माझं माहेर बसवकल्याणजवळच्या कोहिनूरचं, त्यामुळं दोन्ही भाषा मला येतात. पण मला खिडकी सोडता यायची नाही, आणि खरं सांगायचं तर अक्कासारखं सांगणं मला जमलंही नसतं. ती मला गोळीबाई म्हणायची. माझं नाव तिला चांगलं माहीत होतं, पण ते तिनं कधी वापरलं नाही.

अक्काची पिठाची गिरणी दवाखान्याला लागूनच होती. नवरा गेल्यावर ती तिनंच चालवली. पट्ट्याच्या घरघरीवर ओरडून बोलण्यात जन्म गेल्यामुळं तिचा आवाज कायमचाच चढला होता आणि गिरणी बंद असली तरी तो खाली यायचा नाही. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळ्यांवर पीठ. ज्वारीचं दळण झालंय की हरभऱ्याचं, ते तिच्या भुवया बघून कळायचं. कपाळावर विभूती असायची, पण एवढ्या पिठात ती वेगळी ओळखू येत नसे.

तिचा जन्म आळंद तालुक्यातला, खजुरीकडचा. नांदायला इकडं आली. म्हणून पूजा कन्नडमध्ये, भांडण मराठीत आणि घासाघीस दखनीत, अशी तिनं भाषांची वाटणी करून टाकली होती. दखनीत का, तर म्हणे, "त्या भाषेत मानूस लई अदबीनं बोलतंय, अदबीनं बोललं की समोरचं लाजतंय." दवाखान्यात ती नेमकी कधी शिरली, ते कुणालाच आठवत नाही. लाइट गेली की गिरणी बंद पडायची आणि अक्का सावलीला दवाखान्यात येऊन बसायची, तिथून सुरुवात झाली असावी. पुढं पुढं लाइट असली तरी ती येऊन बसायला लागली, आणि दळणवाल्या बाया डबे घेऊन दवाखान्याच्या दारात उभ्या राहायला लागल्या.

अशात सरकारनं दवाखाने सुधारायला घेतले. आता सरकारी सुधारणा म्हटलं की तोंड वाकडं करायची आपल्याकडं पद्धत आहे, पण मी तसं करणार नाही. आधी निम्मी औषधं माझ्या कपाटात नसायची आणि मी लोकांच्या शिव्या खायची. ती सगळी वेळेवर यायला लागली. भिंतींना रंग लागला. टोकनचं यंत्र आलं. एक मोठी स्क्रीन आली, तिच्यात कलबुर्गीकडं बसलेले तज्ज्ञ डॉक्टर दिसायचे आणि इथल्या रोग्याशी बोलायचे. लोक पहिल्यांदा त्या स्क्रीनपुढं टीव्ही बघायला बसल्यासारखे गप्प बसून राहायचे. अक्का तशी कशी बसेल? तिनं पहिल्याच दिवशी त्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारलं, "ऊट आय्ता?" म्हणजे, जेवण झालं का? सकाळपासून ठिकठिकाणचे रोगी बघत बसलेला तो माणूस जरा चाचरला आणि अजून नाही म्हणाला. अक्कानं फडक्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी काढून स्क्रीनपुढं धरली. त्यानंतर ते डॉक्टर दिसले की रोग्याच्या आधी अज्जीची चौकशी करायचे.

पण त्याच सुधारणेत एक पडदा आला. रोग्याचं दुखणं दुसऱ्या कुणाला कळता कामा नये, म्हणून डॉक्टरांच्या टेबलाभोवती हिरवा पडदा लावायचा आणि आत एकाच माणसानं जायचं. नियम सोळा आणे बरोबर होता. अक्का गिरणीच्या आवाजात सांगायची, त्यामुळं कुणाला मूळव्याध आहे आणि कुणाला दिवस गेलेत, हे बाहेरच्या बाकाला डॉक्टरांच्या बरोबरीनं कळायचं. अक्काला स्टूल सोडावं लागलं. ती गिरणीत गेली आणि लाइट नसताना पट्टा पुसत बसली.

पडद्यामागं काय झालं, ते मी खिडकीतून ऐकलं. पहिली गेली ती शेवंताबाई, पाय धरून लंगडत. डॉक्टरांनी विचारलं, "कालु नोवा?" कालु म्हणजे पाय, पाय दुखतो का, असं त्यांचं म्हणणं. शेवंताबाई म्हणाली, "काल न्हाई वो, परवापसनं." डॉक्टर पुन्हा पाय दाखवून म्हणाल्या, "कालु, कालु." शेवंताबाईचा पारा चढला. "काल न्हाई म्हनून सांगायले की. परवा."

तिच्या मागून विठोबातात्या गेले. त्यांना गोळी देण्याआधी डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं, "ऊटा?" तात्या उठले. डॉक्टरांनी हातानं बसायची खूण केली. तात्या बसले. डॉक्टर गोड आवाजात पुन्हा म्हणाल्या, "ऊटा?" तात्या पुन्हा उठले. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "गोळीबाई, ही डाक्टरीन मला कामून उठा-बस करायला लावायलीय? मी काय साळंतलं लेकरू हाय का?"

हसून हसून माझ्या हातातल्या गोळ्या सांडल्या. थोड्या वेळानं पडदा सरकला, डॉक्टरांनी गिरणीकडची खिडकी उघडली आणि हाक मारली, "गंगाक्का, बन्नि." या म्हणून. अक्का आली, पण लगेच नाही. चांगलं हातपाय धुऊन, भुवया झटकून, मानानं आली. आता पडद्याचा नियमही पाळायचा होता. अक्कानं हळू बोलायचं ठरलं. तिनं मनापासून प्रयत्न केला, पण तिचं हळू बोलणं आमच्या ओरडण्याएवढं निघालं. शेवटी अक्काचा आवाज कमी होत नाही म्हटल्यावर आम्ही बाकच उचलून लांब लिंबाखाली नेला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग कळलं, की आमची बाळंतपणाची खोली बंद होणार.

त्यातही सरकारचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. जिथं बाळंतपणं फार होत नाहीत तिथल्या खोल्या बंद करायच्या, आणि बायकांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं, जिथं तज्ज्ञ आहेत, रक्त आहे. आमच्या खोलीत बाळंतपणं कमी व्हायची हेही खरं. पण का कमी व्हायची? आमच्या सुना बहुतेक सीमेपलीकडच्या, उदगीर-देवणीकडच्या, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्या तिकडं जायच्या. गावच्या लेकी पलीकडं दिलेल्या, त्या इकडं यायच्या, पण तिकडच्या सासवांचा आमच्या एवढ्याशा दवाखान्यावर विश्वास बसायला वेळ लागत होता. हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

अक्काला ही बातमी कळली तेव्हा ती सुपात ज्वारी पाखडत होती. ती थांबली आणि म्हणाली, "आन मंगल?"

मंगल ही तिची नात. अक्काची एकच लेक, सुनंदा, गावातच दिलेली. सुनंदाच्या पहिल्या वेळी दवाखान्याला कुलूप असायचं. भर दुपारी कळा सुरू झाल्या, जीप ठरवली, आणि निम्म्या रस्त्यात मंगल जीपमध्येच जन्मली. मूल धडधाकट निघालं; गावात तिला अजून जीपवाली मंगल म्हणतात आणि ती हसून ओ देते. पण सुनंदाचं रक्त फार गेलं. ती वाचली, पण तिला पुन्हा मूल झालं नाही आणि पुढं वर्षानुवर्षं तिच्या अंगात जीव नव्हता. अक्का जीपमध्ये लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ही गोष्ट ती कधी रंगवून सांगायची नाही. सगळ्या गोष्टींना चार शब्द जोडणारी बाई, पण ह्या गोष्टीला तिनं एक शब्द कधी जोडला नाही. आता तीच मंगल देवणीकडं दिलेली होती, तिला सातवा लागला होता आणि ती बाळंतपणाला माहेरी यायची होती.

निर्णय घेण्याआधी बेंगळूरचे एक साहेब गावोगाव फिरून लोकांचं मत घेणार होते. अक्कानं घराघरांत जाऊन बायांना तयार केलं. तिचा हिशेब पक्का होता. "खोली पायजे म्हनाल तर सायेब व्हय म्हनतील आन जातील. खोली नगं, बेड मागा. नवा बेड आला म्हंजी खोली ऱ्हायलीच. सायेब काय बी इचारू दे, समद्यांनी एकच म्हनायचं. बेड." बायांनी तो शब्द पाठ केला. गिरणीत दळणाला आल्या की अक्का त्यांची तालीम घ्यायची.

साहेब आले. चष्मेवाले, मऊ बोलणारे, भला माणूस. दवाखान्याच्या पायरीवर बाया दाटीनं बसल्या होत्या. साहेबांनी आधीच सांगितलं, की मध्ये कुणी बोलायचं नाही, मला बायांच्याच तोंडून ऐकायचंय. अक्का नाइलाजानं मागं उभी राहिली. साहेबांनी एकेक शब्द सावकाश उच्चारत, पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ कन्नडमध्ये विचारलं, "इल्लि हेरिगे कोणे बेका, बेडवा?" म्हणजे, इथं बाळंतपणाची खोली हवी की नको?

बायांच्या कानावर बेड एवढं पडलं. त्या एका सुरात म्हणाल्या, "बेड."

आता ही गंमत सांगायला हवी. कन्नडमध्ये बेड म्हणजे नको. आमच्याकडचे कन्नड बोलणारे ब्याड म्हणतात, त्यामुळं दवाखान्यातला बेड आणि नको म्हणायचं ब्याड यांची गाठ आमच्या मुलखात कधी पडली नव्हती. अक्काच्या माहेरीही ब्याडच. तिच्या स्वप्नातही हे आलं नव्हतं.

साहेब चकित झाले. एवढ्या लांबून ते भांडण ऐकायची तयारी करून आले होते. "एल्लरिगू बेडवा?" सगळ्यांनाच नको?

साहेबांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून बायांनी आवाज वाढवला. "बेड, बेड." सौम्या डॉक्टर काहीतरी सांगायला पुढं झाल्या, मीही खिडकीतून ओरडले, पण त्या आवाजात आमचं कोण ऐकतंय? साहेबांनी मान डोलावली आणि पेन काढलं.

अक्काचा चेहरा पिठासकट पांढरा पडलेला मी तेवढाच एकदा पाहिला. मग तिचा गिरणीवरचा आवाज निघाला. "सायेबा, बेड अंदरे बेड अल्ल. बेड." म्हणजे, बेड म्हणजे बेड नव्हे, बेड. तिला स्वतःलाही कळलं की हे सांगून काही उजेड पडलेला नाही. साहेबांनी पेन तसंच धरून तिच्याकडं पाहिलं.

मग ती बोलायची थांबली. बायांच्या मधून वाट काढत ती साहेबांजवळ आली, त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांना आत, बाळंतपणाच्या खोलीत घेऊन गेली. आम्ही सगळे मागून. तिथल्या जुन्या लोखंडी खाटेवर ती पदर खोचून चढली, पाठ टेकली, पाय वर घेतले आणि खाटेवर तळहात आपटत म्हणाली, "इदु. इदु बेकु." हे. हे पाहिजे.

सत्तरीची बाई, भुवयांवर ज्वारीचं पीठ, बाळंतपणाच्या खाटेवर आडवी. साहेबांना समजायला क्षणभर लागला आणि मग ते असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बाया हसल्या, डॉक्टर हसल्या. अक्का हसली नाही. ती पडल्या पडल्याच साहेबांना कन्नडमध्ये म्हणाली, "माझी लेक ह्या खाटेवर असायला पाहिजे होती, ती जीपमध्ये होती. आता नातीचा महिना जवळ आलाय." बस एवढंच. साहेब हसायचे थांबले. त्यांनी एक खुर्ची मागवली, खाटेशेजारी बसले आणि सुना कुठं जातात, लेकी कुठून येतात, हे सगळं अक्काकडून समजून घेतलं. ह्या खेपेला मध्ये कुणी बोलायचं नाही, असं ते म्हणाले नाहीत.

खोली राहिली. काही दिवसांनी नवा बेडसुद्धा आला, कळ फिरवली की वरखाली होणारा. त्याला गावात अक्काचा बेड म्हणतात. कुणी पाव्हणं आलं की अक्का त्याला आत नेऊन ती कळ फिरवून दाखवायची आणि म्हणायची, "सायेब म्हनले, गंगाक्का, तुमच्यासारखी बाई उभ्या कर्नाटकात न्हाई." साहेब असं काही म्हणाले नव्हते. सौम्या डॉक्टरांनी मात्र त्यानंतर मराठी मनावर घेतलं. पहिला शब्द शिकल्या, तो पायजे.

पुढं माझी बदली कलबुर्गीच्या बाजूला झाली. निघायच्या दिवशी सकाळी जीप दवाखान्यापुढंच थांबायची होती, म्हणून मी सामान घेऊन लिंबाखालच्या बाकावर येऊन बसले. बाकावर गर्दी होती. नामदेव होता, विठोबातात्या होते. मंगलला पहाटेच आत घेतलं होतं. गिरणी बंद होती. अक्का पायरीवर बसली होती आणि कुणाशी बोलत नव्हती, यावरूनच काय ते ओळखायचं. आम्ही सगळे उगाचच दाराकडं बघत होतो.

ऊन पायरीवर आलं तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. पण त्यानंतर बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. अक्का दाराला धरून उभी राहिली. मग दार उघडलं आणि सौम्या डॉक्टर आल्या, घामानं निथळत. आता त्यांना कामापुरतं मराठी यायला लागलं होतं, पण त्या घटकेला त्यांच्या तोंडून कन्नडच आलं. अक्काचे दोन्ही हात धरून त्या भरभर बोलल्या, आणि पुन्हा आत गेल्या.

बाकावरची माणसं सरसावून बसली. डॉक्टर एवढं बोलल्यात म्हणजे अक्का किती वेळ सांगणार, ह्या हिशेबानं तात्यांनी पाय वर घेतले. "काय म्हनायल्यात डाक्टर?" नामदेवनं विचारलं.

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. पापण्यांवरचं पीठ ओलं झालं होतं, ते गालावर फासलं गेलं.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत," ती म्हणाली. इतकं हळू, की मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं.

"आन?"

"आन काय न्हाई. डाक्टर बोलल्या तेवढंच."

डॉक्टर तेवढंच बोलल्या नव्हत्या. मंगलचंही रक्त आईसारखंच जायला लागलं होतं, इथं होती म्हणून वेळेत आवरलं, रस्त्यात असती तर मी काही करू शकले नसते, ही खोली तुम्ही राखलीत अज्जी, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यातलं अक्कानं काहीच सांगितलं नाही. बाकावर कन्नड नीट समजणारी मी एकटीच होते. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी अक्काच्या पाया पडले, तिनं माझ्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला, आणि मी कुणाला काही न सांगता जीपमध्ये जाऊन बसले.